सात पट्ट्यांचं पांघरूण : प्रकल्प नोंदी, जुलै ते डिसेंबर २०२५

६ जुलै, रविवार (आषाढी एकादशी)

आराखडा ठरला. पाच जणी, पाच पांघरुणं, नकाशा एकच. सात उभ्या पट्ट्या क्रोशाच्या सुईने विणून एकमेकींना जोडायच्या आणि चारी बाजूंनी किनार करायची. पट्टीचं अंग १४ सें.मी. रुंद आणि १४८ सें.मी. लांब. तिच्या भोवतीची कड धरून रुंदी साडेसोळा होते. जोडून किनार झाली की पांघरूण साधारण १२४ बाय १५९ सें.मी. भरेल. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, त्या थंडीला एवढं पांघरूण एका माणसाला पुरतं.

पट्ट्यांचा क्रम अ-ब-क-ड-क-ब-अ. अ लाटांची, ब तीन-तीन खांबांच्या (टाक्यांची नावं खाली समजावली आहेत) गुच्छांची, क बोंडांची आणि मधली एकटी ड ट्युनिशियन टाक्याची, जिच्यावर शेवटी कोयऱ्या भरायच्या. ट्युनिशियन टाक्याला (जाताना सगळे फास सुईवर घेऊन येताना काढायचा टाका) अफगाण टाका असंही म्हणतात, आणि इंग्रजीत अशा विणलेल्या पांघरुणालाही अफगाणच म्हणतात, त्यामुळे या पांघरुणात तो असायलाच हवा यावर एकमत होतं.

पट्ट्यांनी करण्याचा फायदा उघड आहे. पट्टी पिशवीत मावते, बसमध्ये विणता येते, चुकली तर तेवढीच उसवते, आणि पावसाळ्याच्या दमटपणात अख्खं पांघरूण मांडीवर घेऊन बसावं लागत नाही. याची किंमत एकाच ठिकाणी मोजावी लागते. चार वेगळ्या विणींच्या सात पट्ट्या शेवटी सारख्या लांबीच्या निघाल्या पाहिजेत. लाटांची ओळ उंच, मुक्या खांबाची बुटकी, ट्युनिशियन दोघींच्या मधली. ओळी मोजून लांबी जुळत नाही, आणि टेपने मोजलेली लोकर ओढाल तेवढी लांब होते. यावरचा उपाय २० तारखेच्या नोंदीत आहे, पुढचं सगळं काम त्याच्यावरच उभं आहे.

शब्द आधीच ठरवून घेतले, कारण इंग्रजी नमुन्यांत घोळ असतो. अमेरिकन नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला ट्रेबल, आणि ब्रिटिश डबल म्हणजे अमेरिकन सिंगल. आमच्या वहीत फक्त मराठी. मुका खांब : वेढा न घेता सुई घालायची, धागा ओढायचा, दोन्ही फासांतून काढायचा. अर्धा खांब : एक वेढा, मग तिन्ही फासांतून एकदम. खांब : एक वेढा, दोन-दोन करून काढायचा. लांब खांब : दोन वेढे. सरकता टाका : धागा ओढून थेट सुईवरच्या फासातून काढायचा, उंची जवळजवळ शून्य.

१३ जुलै, रविवार

लोकर खरेदी. तुळशीबाग आणि रविवार पेठ दोन्हीकडे फिरलो. चार पदरी अ‍ॅक्रिलिक, १०० ग्रॅमचा गुंडा, साधारण २०० मीटर. एका पांघरुणाला पंधरा गुंडे : आमसुली चार (सगळ्या कडा, जोड आणि किनार), मोतिया दोन (ड पट्टी), मोरपिशी तीन (क पट्ट्यांची जमीन), आणि हळदी, शेंदरी, राणी, पोपटी, अबोली, जांभळा प्रत्येकी एक. प्रत्यक्षात अकराशे ग्रॅमच्या आत काम होईल असा हिशेब आहे. तरी आमसुली आणि मोरपिशी रंगात हात आखडता घेतलेला नाही.

गुंड्याच्या कागदावरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) प्रत्येकीने वहीत उतरवला. एकाच रंगाचे दोन लॉट हातात वेगळे दिसत नाहीत, पण सलग विणल्यावर पट्टीत आडवी रेघ उमटते. आमसुली रंगाला हा धोका सर्वांत जास्त, कारण तो सातही पट्ट्यांना लागून आहे. एका दुकानात आमसुलीचे तीनच गुंडे एका लॉटचे होते आणि चौथा वेगळा. तो चौथा फक्त किनारीच्या शेवटच्या फेरीला वापरायचा असं ठरवून घेतला.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आमसुली आणि जांभळा जवळजवळ एक दिसतात. गुंडे दाराशी उजेडात आणून पाहिले, आणि मग सगळे एका रांगेत ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला. फोटोत राणी आणि पोपटी एकाच करड्या छटेचे निघाले. असे दोन रंग शेजारी आले की लांबून पट्टी मंद दिसते, मग रंग कितीही भडक असोत. म्हणून क्रम ठरला : हळदी, राणी, अबोली, जांभळा, पोपटी, शेंदरी. फिकट आणि गडद शक्यतो आळीपाळीने.

१७ जुलै, गुरुवार

नमुने. प्रत्येकीने ५ मि.मी.ची सुई घेऊन मुक्या खांबांचा १५ सें.मी.चा चौकोन विणला आणि त्याच्या मधल्या १० सें.मी.त टाके मोजले. कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते नेहमी आवळलेले असतात. पाच जणींचे आकडे : १५, १५, साडेतेरा, साडेसोळा, १४. साडेतेरावालीने साडेचारची सुई घेतली, साडेसोळावालीने साडेपाचची. दोघी १५ वर आल्या. चौदावाली ५ च्याच सुईने विणून एका टाक्याचा फरक चालवून घेणार होती, पण २१ टाक्यांच्या पट्टीत तेवढ्याने रुंदी १५ सें.मी. होते आणि सात पट्ट्यांत सात सें.मी. वाढतात. तिनेही साडेचार घेतली.

हात बदलायचा नाही, सुई बदलायची. मुद्दाम घट्ट विणायला गेलं की पहिल्या वीस ओळी घट्ट होतात आणि बोलण्यात लक्ष गेलं की हात आपल्या मूळ सवयीवर येतो.

ठरलेली मापं, १० सें.मी.मध्ये : मुका खांब १५ टाके, १७ ओळी. खांब १४ टाके, ८ ओळी. गुच्छ साडेसात ओळी. ट्युनिशियन (६ मि.मी.ची सुई) १५ टाके, १३ ओळी.

२० जुलै, रविवार

पट्टीची लांबी टेपने नाही, कडेच्या टाक्यांनी ठरवायची. गुच्छांची पट्टी १११ ओळींत १४८ सें.मी. होते, आणि तिच्या कडेला दर ओळीला दोन मुके खांब बसतात. १११ दुणे २२२. म्हणून प्रत्येक पट्टीच्या प्रत्येक लांब बाजूला बरोबर २२२ मुके खांब, वीण कोणतीही असो. जोडताना टाक्यासमोर टाका येतो, आणि एखादी पट्टी एक-दीड सें.मी. कमी-जास्त असली तर तो फरक २२२ टाक्यांत वाटला जातो, एका ठिकाणी फुगवटा येत नाही.

उरलेल्या विणींचं गणित असं. अ पट्टी, ११८ ओळी : दर ओळीला दोन, पण प्रत्येक आठव्या ओळीला एकच. असं चौदा वेळा होतं, २३६ वजा १४. क पट्टी, २५२ ओळी : ओळीला एक, प्रत्येक आठवी ओळ सोडायची, शेवटची सोडणी मात्र नाही. म्हणजे तीस वेळा. ड पट्टी, १९२ ओळी : ओळीला एक, प्रत्येक सहाव्या ओळीला एक जादा, तीस पुरे झाले की थांबायचं.

हे वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं आहे. दर ३७ टाक्यांना एक खुणेची पिन. २२२ चे बरोबर सहा भाग होतात, आणि पट्टीही टेपने सहा भागांत विभागून ठेवायची (एक भाग २४.७ सें.मी.). चूक झाली तर ३७ टाक्यांतच सापडते.

२७ जुलै, रविवार

अ पट्टी सुरू. २७ साखळ्या. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, सोडलेल्या तीन साखळ्या म्हणजे त्याच घरातला आधीचा खांब. मग ३ खांब, ‘दोन खांब एकत्र’ (दोन घरांतले दोन अपुरे खांब शेवटच्या ओढ्यात मिळवून एक) दोन वेळा, ३ खांब, पुढच्या दोन घरांत प्रत्येकी २ खांब, ३ खांब, पुन्हा ‘दोन एकत्र’ दोन वेळा, ३ खांब, शेवटच्या घरात २ खांब. एकूण २४. पुढच्या प्रत्येक ओळीत ३ साखळ्या, त्यांच्याच पायाशी एक खांब, आणि तोच क्रम. दोन ओळींनी रंग बदल, ५९ पट्टे.

लाटेत दोनच चुका होतात आणि दोन्ही टोकाला होतात. पहिली, साखळ्यांच्या पायाशीचा खांब विसरणे : त्या बाजूने टाका कमी होतो आणि कड आत झुकते. दुसरी, शेवटचे दोन खांब साखळीच्या डोक्यात न घालता आधीच्या टाक्यात घालणे : मोजणी बरोबर येते, पण लाटेचा तळ एक घर सरकतो. म्हणून फक्त २४ मोजणं पुरत नाही. ‘दोन एकत्र’चे टाके खालच्या ओळीच्या ‘दोन एकत्र’वर उभे आहेत का, ते डोळ्यांनी पाहायचं.

रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबाचा शेवटचा ओढा नव्या रंगाने घ्यायचा. पुढच्या ओळीत बदलला तर सुरुवातीच्या साखळीत जुन्या रंगाचा ठिपका राहतो.

१० ऑगस्ट, रविवार

पहिल्या अ पट्ट्या तयार. दोन-दोन ओळींचे पट्टे असल्यामुळे सगळी टोकं एकाच बाजूला येतात, ५९ पट्ट्यांची ११८. तिघींनी ती सगळी कडेच्या उभ्या खांबांत लपवली आणि ती बाजू दोरीसारखी जाड झाली. उसवून पुन्हा : एक टोक कडेच्या खांबातून वर, दुसरं त्याच रंगाच्या ओळीत आडवं पट्टीच्या आत. आता जाडी वाटली गेली.

टोक लपवायची रीत सगळ्या पट्ट्यांना एकच. १५ सें.मी. टोक ठेवायचं, बोथट सुईने ४ सें.मी. एका दिशेने, एक पदर सोडून उलट ३ सें.मी., मग पुन्हा पहिल्या दिशेने २ सें.मी. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, एकाच दिशेने ओढलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. गाठीवर विसंबायचं नाही.

आमच्यात एक जण डावखुरी आहे. तिची टोकं उलट बाजूला येतात. तिच्या अ पट्ट्या जोडताना टोकांची बाजू आतल्या अंगाला यावी म्हणून कोणती डावीकडे आणि कोणती उजवीकडे, ते आजच सेफ्टी पिनने लिहून ठेवलं.

लाटेची दोन्ही टोकं सरळ करायची होती. वरच्या टोकाला कडा आणि मध्य उंच, ‘दोन एकत्र’ची जागा खोल. आमसुलीने भराव : उंच जागी सरकता टाका, मग मुका खांब, अर्धा खांब, खांब, खोलात दोन लांब खांब, आणि तोच क्रम उलटा. खालच्या टोकाला सगळं याच्या उलट, तिथे कडा आणि मध्य खोल असतात. पहिल्या प्रयत्नात लांब खांबांऐवजी सगळीकडे खांबच घातले होते, त्यामुळे खोलगट जागी ताण येऊन पट्टीचं टोक पंख्यासारखं पसरलं.

१७ ऑगस्ट, रविवार

ब पट्टी. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वेगाने होणारी. २० साखळ्या, १९ मुक्या खांबांची पायाची ओळ (ती मोजणीत धरायची नाही). पहिली ओळ : पहिल्या घरात २ खांब, दोन घरं सोडून तिसऱ्यात ३ खांब, असे पाच गुच्छ, शेवटच्या घरात २. दुसरी ओळ : कडेला १ खांब, सहा फटींत तीन-तीन, शेवटी १. म्हणजे टाके आळीपाळीने १९ आणि २०. दर ओळीला २० मोजणारी नक्की चुकते. इथे टाके मोजायचेच नाहीत. एका ओळीत पाच गुच्छ, दुसरीत सहा, एवढंच पाहायचं.

तीन ओळींचा एक पट्टा, ३७ पट्टे. सहा रंगांची सहा आवर्तनं आणि वर पुन्हा हळदी, त्यामुळे पट्टीच्या दोन्ही टोकांना हळदीच येतो. तीन ही विषम संख्या असल्याने टोकं दोन्ही बाजूंना वाटली जातात.

गणपती २७ तारखेला बसतात. ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत एकत्र बसणं नाही, दुसरी अ आणि दोन्ही ब पट्ट्या त्या काळात घरी होतील.

१४ सप्टेंबर, रविवार

क पट्टी, बोंडं. २२ साखळ्या, २१ मुके खांब, जमीन मोरपिशी. बोंड म्हणजे एकाच घरात पाच अपुरे खांब (प्रत्येकाचा शेवटचा ओढा बाकी ठेवायचा), सुईवर सहा फास, आणि सगळ्यांतून एकदम एक ओढा. बोंड नेहमी विणणारीच्या विरुद्ध बाजूला फुगतं, म्हणून ते उलट बाजूच्या, म्हणजे सम क्रमांकाच्या ओळीतच घालायचं. सरळ ओळीत घातलं तर मागे पडतं, आणि मग बोटाने ढकलून पुढे आणावं लागतं. ते पहिल्या धुण्यापर्यंतच टिकतं.

नक्षी शंकरपाळ्याची. ८ व्या ओळीत ११ व्या टाक्यावर एक बोंड, १२ व्या ओळीत ८ आणि १४ वर, १६ व्या ओळीत ५ आणि १७ वर, २० व्या ओळीत पुन्हा ८ आणि १४, २४ व्या ओळीत ११. दर २० ओळींनी पुढचं शंकरपाळं. २५२ ओळींत बारा शंकरपाळी, आठ-आठ बोंडांची, एकूण ९६. पहिलं बोंड येण्याआधी सात ओळी आणि शेवटच्या बोंडानंतर आठ, त्यामुळे नक्षी मधोमध बसते. आकडे दोन्ही बाजूंनी सारखेच येतात, डावखुरीला नकाशा उलटवावा लागला नाही.

एका शंकरपाळ्याला एक रंग, सहा रंग दोनदा. एका बोंडाला साधारण ३८ सें.मी. धागा लागतो. ६० सें.मी.चे तुकडे आधीच कापून ठेवले.

२८ सप्टेंबर, रविवार

क पट्टीत दोन गोष्टी बिघडल्या.

एक, रंगीत धाग्याचं डोकावणं. बोंडाच्या ओळीत रंगीत धागा मुक्या खांबांच्या पोटातून पुढच्या बोंडापर्यंत नेत होतो. ८ ते १४ मध्ये पाचच टाके आहेत, तिथे चालतं. ५ ते १७ मध्ये अकरा टाके, आणि हळदी धागा मोरपिशीतून स्पष्ट दिसतो. त्या ओळीत दोन वेगळे तुकडे वापरायचे. टोकं बोंडाच्या पोकळ पोटात भरायची, पण आधी बोंडाच्या पायाशी एक फेरा सुईने घालून.

दोन, पट्टी कमरेला आवळल्यासारखी. शंकरपाळ्याच्या रुंद भागात रुंदी १४ आणि मधल्या मोकळ्या जागेत साडेतेरा. बोंडानंतरचा मुका खांब सैल राहिला की ते टाके पसरतात. बोंडाचा शेवटचा ओढा मोरपिशीने घेऊन पुढचा मुका खांब नेहमीपेक्षा आवळला की फरक पाव सें.मी.वर येतो, आणि तेवढा कडेत जिरतो. ज्यांच्या शंभरहून कमी ओळी झाल्या होत्या त्यांनी उसवलं. दोघींनी तसंच ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

ड पट्टी. ६ मि.मी.ची लांब, सरळ दांड्याची सुई. अंगठ्याला चपटी जागा असलेली नेहमीची सुई इथे चालत नाही, कारण २१ फास एकाच वेळी दांड्यावर बसले पाहिजेत. जाताना प्रत्येक उभ्या दांडीखालून धागा ओढून फास सुईवर ठेवायचा. येताना पहिला ओढा एकाच फासातून, मग प्रत्येक ओढा दोन-दोन फासांतून. जाणं-येणं मिळून एक ओळ. काम फिरवायचं नाही.

टाका कमी होण्याची जागा डावी कड. येतानाचा पहिला ओढा दोन फासांतून घेतला की दर ओळीला एक टाका जातो. शिवाय डावीकडच्या शेवटच्या टाक्यात सुई एका दांडीखालून न घालता तिच्या शेजारच्या धाग्यासकट दोन्हीखालून घालायची, नाही तर ती कड सैल, भोकाभोकांची होते आणि पुढे मुके खांब घालायला घर सापडत नाही.

साधा ट्युनिशियन टाका गुंडाळतो, खालची कड पुढे वळते. मागच्या बाजूला जास्त धागा आणि पुढे ताणलेल्या दांड्या, हे त्याचं कारण. मोठी सुई घेतल्याने वळण बरंच कमी झालं. उरलेलं कडेच्या दोन फेऱ्या आणि वाफ घालवतील. ५ च्या सुईने सुरू केलेली एक पट्टी वीस ओळींत नळीसारखी झाली, ती सोडून दिली.

२ नोव्हेंबर, रविवार

कोयऱ्या. प्रत्येक उभी दांडी म्हणजे एक घर, तिच्यावर एक फुली. आलेखाच्या कागदावर १३ घरं रुंद आणि २१ घरं उंच कोयरी काढली. पहिली भरली तेव्हा ती लांबुडकी, भेंडीसारखी दिसली. ट्युनिशियनचं घर चौरस नसतं : १० सें.मी.त १५ टाके पण १३ ओळी, म्हणजे घर उंचीला जास्त. चौकोनी कागदावरच्या सात ओळींना इथे सहाच पुरतात. २१ ची १८ केली आणि कोयरी नीट बसली. वरचा वळलेला शेंडा तसाच ठेवून पोटातल्या तीन ओळी कमी केल्या. शेंड्यातून कमी केल्या तर आंबा होतो, कोयरी राहत नाही.

१८ ओळींची कोयरी आणि ६ ओळींची मोकळी जागा, १९२ मध्ये बरोबर आठ बसतात. एक डावीकडे वळलेली, एक उजवीकडे. बाहेरची रेघ आमसुलीने, पोट राणी आणि पोपटीने आळीपाळीने. फुलीचा वरचा धागा सगळीकडे एकाच दिशेला हवा, मध्येच दिशा बदलली तर त्या जागी चमक बदलते. धागा ओढायचा नाही, दांडीवर टेकवायचा. आवळला तर १४ ची पट्टी कोयरीच्या जागी १३ होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

कडा. आमसुली, ५ ची सुई (ज्यांची ठरली तीच). पहिली फेरी मुक्या खांबांची : लांब बाजूला कोपऱ्याच्या मधल्या टाक्यापासून मधल्या टाक्यापर्यंत २२२, आखूड बाजूला २१, कोपऱ्यात एकाच घरात ३. आखूड बाजूला अ पट्टीचे २४ आहेत, तीन सोडायचे. ब पट्टीचे १९, दोन वाढवायचे. दुसरी फेरी अर्ध्या खांबांची, कोपऱ्यात पुन्हा ३. आता बाजू २२४ आणि २३.

पिना प्रत्येक ३७ व्या टाक्यावर, दुसऱ्या फेरीत वर चढवत. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच आराखडा यशस्वी होतो किंवा फसतो. आज पाच जणींच्या पस्तीस पट्ट्यांपैकी सहांची मोजणी चुकली, सगळ्या क पट्ट्या. बुटक्या ओळींत आठवी ओळ हरवते. उपाय : कड घालण्याआधी दर आठव्या ओळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा घालून ठेवायचा, आणि तुकडा दिसला की तेवढं घर सोडायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाफ. पावसाळ्यात हे काम केलं नाही, कारण ओलसर पट्टी दोन-दोन दिवस वाळत नव्हती. आता हवा कोरडी आहे. गादीवर जुनी चादर, तिच्यावर १५०.५ बाय १६.५ चा आयत दोऱ्याने आखला, पट्टी उलटी पालथी ठेवून न गंजणाऱ्या पिनांनी दर १० सें.मी.ला टाचली. वाफेची इस्त्री दोन-तीन सें.मी. वर धरून फिरवायची, टेकवायची नाही. थंड होईपर्यंत पिना काढायच्या नाहीत.

अ‍ॅक्रिलिकवर उष्णतेचा परिणाम कायमचा असतो. योग्य वाफेने वीण नरम होऊन मापात राहते. जास्त झाली तर ती चमकते, लुळी पडते, आणि परत फुलत नाही. आधी १७ जुलैच्या नमुन्यावर करून पाहिलं. क पट्टीला फक्त मागून आणि थोडी वाफ, नाही तर बोंडं बसतात. ड पट्टीचं वळण पूर्ण गेलं.

३० नोव्हेंबर, रविवार

जोडणी. दोन पट्ट्या सरळ बाजू वर करून शेजारी, जमिनीवर. मांडीवर घेतलं की आधी जोडलेल्या पट्ट्यांचं वजन खाली ओढतं आणि टाके लांबतात. टाक्याच्या डोक्यावरच्या वेणीतला जोडाकडचा पाठचा धागा, इकडचा एक आणि तिकडचा एक, दोन्हींतून सुई वरून खाली घालून सरकता टाका. धागा खालून. २२४ आणि दोन्ही टोकांचे कोपरे मिळून २२६ जोड. पुढचे धागे मोकळे राहतात आणि जोडाच्या दोन्ही अंगांना बारीक काठ दिसतो, साडीच्या काठासारखा.

५ च्या सुईने पहिला जोड केला तेव्हा १५० सें.मी.ची शिवण १४३ झाली आणि दोन्ही पट्ट्या झालरीसारख्या उठल्या. सरकत्या टाक्याला ताणच नसतो. ६ च्या सुईने पुन्हा केला, १४९ आली. पिनासमोर पिन येत गेली की मोजायची गरज उरत नाही. एक जोड खालून वर, पुढचा वरून खाली, म्हणजे तिरपेपणा एकाच दिशेला साठत नाही. एका जोडाला साधारण ९ मीटर धागा.

क आणि ड च्या मधल्या जोडात दोघींच्या पिना एका टाक्याने सरकल्या होत्या. तेवढ्या ३७ टाक्यांच्या भागात एक टाका दोनदा घेऊन जुळवलं. डोळ्याला दिसत नाही.

७ डिसेंबर, रविवार

किनार. लांब बाजूला २२४, आखूड बाजूला सात वेळा २३ आणि सहा जोडांवरचे बारा कोपरे, १७३. पहिल्यांदा जोडावरचे दोन कोपरे एकत्र करून एक टाका केला होता, तिथे खड्डा राहू नये म्हणून. १६७ टाके झाले आणि आखूड बाजू चार सें.मी. आत ओढली गेली. उसवून दोन्ही कोपऱ्यांत वेगवेगळे मुके खांब घातले, पण सुई जोडाच्या धाग्याखालूनही घेतली. भोक बंद आणि बाजू सरळ.

पहिली फेरी मुके खांब, आमसुली : २२६ आणि १७५. दुसरी अर्धे खांब : २२८ आणि १७७. दोन्ही आकड्यांना तीनने भाग जातो, म्हणून गुच्छांची फेरी न ओढता बसते, लांब बाजूला ७६ आणि आखूड बाजूला ५९ गुच्छ, कोपऱ्यात दोन साखळ्या मध्ये घेऊन दोन. ती हळदी. तिच्यावर फटींत आणखी एक फेरी शेंदरी. शेवटी आमसुलीने उलटा मुका खांब, म्हणजे डावीकडून उजवीकडे जायचं (डावखुरीने उजवीकडून डावीकडे). पिळाची दोरी लावल्यासारखी कड येते आणि हाताळून पसरत नाही. इथे वेगळ्या लॉटचा चौथा गुंडा वापरला. उलट्या टाक्याची सावलीच वेगळी पडते, त्यात लॉटचा फरक लपला.

१४ डिसेंबर, रविवार

पाचही पांघरुणं वजनकाट्यावर : सगळ्यात हलकं १,०४० ग्रॅम, सगळ्यात जड १,१३०. जड निघालेलं साडेचारच्या सुईचं आहे. मापं १२३ ते १२५ आणि १५८ ते १६० सें.मी.मध्ये.

धुणं : जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, नाजूक कपड्यांच्या फेरीवर, पिळणं कमीत कमी. दोरीवर टांगायचं नाही, ओलं पांघरूण स्वतःच्या वजनाने लांबतं आणि बोंडांच्या पट्ट्या सर्वांत आधी लोंबतात. गच्चीत चटईवर आडवं पसरून, पालथं, सावलीत.

प्रत्येकीकडे चारशे ग्रॅमच्या आसपास लोकर उरली. मोतिया आणि आमसुली प्रत्येकी वीस मीटर लॉट नंबरच्या कागदासकट एका पाकिटात ठेवली, पुढे एखादा जोड सुटला तर त्याच लोकरीने शिवता यावा म्हणून. पाकिटावर सुईचा नंबर लिहिला आहे, आणि त्याच्याखाली २२२.